श्वासाची जागा

दिवाळीच्या दिवसांत आदिलाबादच्या गोंड गुड्यांवर दंडारीचा नृत्यसोहळा रंगतो. गुस्साडी नाच करणाऱ्यांचे मोरपिसांचे टोप सगळ्यांच्या नजरेत भरतात. याच नाचासाठी मार्लवाईच्या कनक राजूंना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. मला ओढ पेप्रेची. ढोलांच्या कल्लोळावर चढून बोलणारं हे सनईच्या कुळातलं वाद्य ऐकताना मराठी कान नकळत वादकाचा दम जोखतो. सनईवाला गालातली हवा सोडता सोडता नाकानं श्वास भरून घेतो, सूर खंडू देत नाही. दिंडीतही एकाचा दम सरायच्या आत दुसऱ्यानं चरण उचललेला असतो.

ल्यूथरन स्तोत्र फुंकवाद्यांच्या बँडसाठी बांधायचं, तर नेमका हाच अखंड सुराचा संस्कार आड येतो. मार्टिन ल्यूथरनं सोळाव्या शतकात उपासनेतलं गाणं साऱ्या मंडळीच्या तोंडी दिलं. म्हणून कोरालची, म्हणजे या सामूहिक स्तोत्राची, ओळ साध्या माणसाच्या दमात मावेल एवढीच. ती संपली की सगळे एकदम थांबतात, एकदम श्वास घेतात. स्वरलिपीत तिथं कमान आणि तिच्याखाली टिंब. ऑर्गनला फुप्फुसं नाहीत, भाता आहे. तो ही फट सहज बुजवतो. क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोनवाल्यांना मात्र ती लागतेच. म्हणून कोराल बँडवर आणणं मला त्याला घरी आणण्यासारखं वाटतं.

संगीतकार बाखनं हे ओळखलं होतं. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात त्यानं एका शोकस्तोत्रावर लिहिलेल्या रचनेच्या पहिल्या रूपात तंतुवाद्यं नाहीतच, गायकांसोबत सगळी फुंकवाद्यं. बहुधा उघड्यावरच्या अंत्ययात्रेसाठी. मेंडेल्सोननं १८३० च्या ‘रिफॉर्मेशन’ सिंफनीत याहून धीट गोष्ट केली. ४६ व्या स्तोत्रावरचं ल्यूथरचं ‘आइन फेस्टे बुर्ग’ म्हणजे देवाला भक्कम गड म्हणणारं गाणं. शेवटच्या भागाच्या आरंभी ते त्यानं एकट्या बासरीच्या हाती दिलं.

आजच्या बँडजवळ एक युक्ती असते: शेजारी श्वास घेत असेल तर आपण घ्यायचा नाही. आळीपाळीनं दम घेतला की चाळीस वादक मिळून सनईसारखा अखंड सूर धरतात. कानाला गोड लागतं, पण स्तोत्राच्या बाबतीत मला ही चलाखी वाटते. तिथं मंडळी दिसते ती एकत्र थांबण्यात. रचनाकारानं आतले सूर हवे तितके गुंतवावेत, ओळीअखेरची जागा मोकळी सोडावी.

नगरकडे कृष्णराव सांगळे, नारायण वामन टिळक यांनी हा पेचच वळसा घालून टाळला. ख्रिस्ती भक्ती त्यांनी कीर्तनात, अभंगात आणली. त्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र; त्यांच्या एका चालीपाशी मात्र श्वासाचा पेच पुन्हा समोर आला. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये लष्करी बँड वर्षानुवर्षं ‘अबाइड विथ मी’ वाजवत. ते ल्यूथरन नव्हे, अँग्लिकन परंपरेतलं, पण मंडळीच्याच श्वासाचं. २०२२ मध्ये ते वगळलं आणि रामचंद्रांचं ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आलं. वाद झाला तो देशीपणाचा. पण ही चाल लताबाईंच्या एकट्या गळ्यासाठी बेतलेली; तिच्यातले थांबे एका गायिकेचे. ती बँडवर चढवताना इतक्या साऱ्यांनी श्वास नेमका कुठं घ्यायचा, हे कुणाला तरी नव्यानं ठरवावं लागलं असणार.