भेटी कुठे जातात?

17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906 या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसे दगावली, याचे आकडे 1927 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एका आलेखावर ठिपक्यांच्या रूपाने छापले गेले. त्या ठिपक्यांजवळून एक रेघ जात होती. हळूहळू चढणारी, शिखर गाठून उतरणारी ही रेघ गणिताने काढलेली होती. शोधनिबंधाचे लेखक विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक हे एडिंबरोचे संशोधक. त्यांतल्या मॅकेंड्रिक यांची उमेदीची वर्षे हिंदुस्थानात, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये गेलेली. ज्यांना लागण होऊ शकते असे, आजारी असलेले, आणि बरे झालेले किंवा गेलेले असे समाजाचे तीन भाग पाडायचे आणि एका भागातून दुसऱ्यात माणसे कोणत्या वेगाने जातात ते मोजायचे, ही त्यांची रीत. आज संगणकावर साथीची जी मॉडेल चालतात, त्यांतली बहुतेक याच घराण्यातली आहेत. या शास्त्राच्या पायात मुंबईचे मृत आहेत, हे आपण विसरू नये.

त्या गणितात एक मोठे गृहीत होते: बेटावरचा कुणीही कुणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो. गिरणगावातल्या चाळीत राहणारा कामगार आणि मलबार हिलवरचा साहेब त्या समीकरणाला एकच. कागद-पेन्सिलीच्या काळात याहून बारकाव्यात शिरणे अवघड होते. संगणक आला आणि ती अडचण सरली. आता प्रत्येक माणूस वेगळा मांडता येतो: त्याचे वय, घरातली माणसे, त्याची शाळा किंवा कामाची जागा, रोजच्या गाठीभेटी. मग त्या कृत्रिम गावात एकाला रोगाची लागण करून द्यायची आणि पुढे काय घडते ते पाहायचे. शाळा बंद ठेवल्या तर? कचेऱ्या निम्म्या भरल्या तर? खऱ्या गावाला जरासाही धक्का न लावता हा प्रयोग हजार वेळा करता येतो.

अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरातल्या एका शाळकरी मुलीच्या विज्ञान प्रदर्शनातल्या प्रकल्पातून असाच एक प्रयोग उभा राहिला. तिचे वडील रॉबर्ट ग्लास सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत संशोधक होते. पुढे वडिलांनी, सहकाऱ्यांनी आणि त्या मुलीने मिळून लिहिलेला शोधनिबंध नोव्हेंबर 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. 10,000 वस्तीच्या काल्पनिक गावात त्यांनी इन्फ्लुएन्झाची साथ सोडली होती. 1957 च्या आशियाई फ्लूइतका संसर्गजन्य रोग असेल, आणि शाळा बंद करून मुले-मुली खरोखर घरीच राहिली, तर लागण 90 टक्क्यांहून अधिक घटते, असे त्यांना दिसले. लस नाही, औषध नाही. फक्त कोणी कोणाला भेटायचे नाही, याचा नीट विचार.

हे कसे घडते ते साध्या आकडेमोडीत पाहता येते. एक रोगी सरासरी अडीच जणांना रोग देत असेल, तर दहाव्या फेरीत सुमारे 9,500 नवे रोगी तयार होतात. सगळ्यांनी आपल्या भेटी निम्म्या केल्या, म्हणजे एक रोगी सव्वा जणालाच रोग देऊ लागला, तर त्याच दहाव्या फेरीत नवे रोगी होतात नऊ. भेटी निम्म्या झाल्या, पण रोगी हजारपटीने कमी झाले. मनाला हे उमजत नाही, कारण आपण बेरजेत विचार करतो आणि साथ गुणाकारात चालते. संगणकाच्या पडद्यावर मात्र ते डोळ्यांना दिसते. मार्च 2020 मध्ये, कोविडची साथ पसरत असताना, वॉशिंग्टन पोस्टने एकमेकांवर आदळणारे ठिपके दाखवून हीच गोष्ट लक्षावधी वाचकांना समजावली. मला या चित्रांचे नैतिक मोल फार मोठे वाटते. मी आज घरी थांबलो म्हणून जो माणूस वाचेल, तो मला कधी भेटणार नाही आणि त्याला माझे नावही कळणार नाही. अशा अनोळखी माणसाशी असलेले आपले नाते एरवी कुठेच दिसत नाही. ते या पडद्यावर दिसले.

त्याच महिन्यात, 16 मार्चला, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा अहवाल आला. नील फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांच्या मॉडेलनुसार, काहीच केले नाही तर ब्रिटनमध्ये सुमारे 5,10,000 आणि अमेरिकेत 22 लाख मृत्यू होणार होते. पुढे तेवढे मृत्यू झाले नाहीत तेव्हा अनेकांनी ‘भाकीत चुकले’ अशी ओरड केली. पण वाक्यातला ‘काहीच केले नाही तर’ हा भाग ते विसरले. पावसाचा अंदाज ऐकून ढग आपली वाट बदलत नाहीत. साथीचा अंदाज ऐकून माणसे मात्र बदलतात, आणि त्यांनी बदलावे म्हणूनच तो सांगितलेला असतो. आपल्याकडे उलट झाले. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सांगितले की साथीचे शिखर ओलांडले आहे आणि काळजी घेत राहिलो तर फेब्रुवारी 2021 अखेर ती आटोक्यात येईल. ‘काळजी घेत राहिलो तर’ हे शब्द हवेत विरले आणि दिलासा तेवढा मनात राहिला. एप्रिल-मे 2021 च्या दुसऱ्या लाटेत काय झाले ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. नवा विषाणू-प्रकार हे त्याचे एक कारण. अट गळलेले भाकीत हेही एक.

तरी माझ्या मनातला मुख्य प्रश्न भाकितांच्या खरेखोटेपणाचा नाही. शारीरिक अंतराचे मॉडेल करताना आपण भेटी वजा करतो. दोन ठिपक्यांमधली रेघ पुसली की काम झाले. प्रत्यक्षात भेटी अशा पुसल्या जातात का? मला वाटते, फार थोड्या. बहुतेक भेटी नाहीशा होत नाहीत. त्या जागा बदलतात, आणि पुष्कळदा माणूस बदलतात. मी बाजारात गेलो नाही तर भाजी माझ्या दारात येते, म्हणजे माझ्या वाट्याची गर्दी कुणीतरी आपल्या अंगावर घेतलेली असते.

मॉडेल करणाऱ्यांना याची जाणीव नव्हती असे नाही. इम्पीरियलच्या अहवालातच गृहीत धरले होते की शाळा बंद झाल्यावर विद्यार्थ्यांच्या घरातला संपर्क 50 टक्क्यांनी वाढेल आणि सर्वांनी अंतर पाळले तर घरातला संपर्क 25 टक्क्यांनी वाढेल. म्हणजे भेटी दारातून आत येतात, हे त्यांनी मोजले होते. पण ‘घर’ म्हणजे काय, हे ब्रिटनमध्ये आणि मुंबईत सारखे नसते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात तेव्हा घरी थांबणे म्हणजे एकमेकांना चिकटून थांबणे. आणि घर तरी कुठे संपते? नळ बाहेर, शौचालय बाहेर, तिथल्या रांगा बाहेर.

टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था इथल्या संशोधकांनी 2020 मध्ये मुंबईचे जे सिम्युलेशन बांधले, त्यात हा भेद घेतला होता. सव्वा कोटीच्या आसपासची कृत्रिम मुंबई, तिच्यात घरे, शाळा, कामाच्या जागा, लोकलचा प्रवास, आणि झोपडपट्टीत संपर्काचे प्रमाण वेगळे. जुलै 2020 मध्ये दहिसर, चेंबूर आणि माटुंगा भागातल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले, तेव्हा झोपडपट्टीतल्या 57 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, बाकीच्या वस्तीत 16 टक्के लोकांच्या. शहर तेच, टाळेबंदीचा हुकूम तोच. एका बाजूच्या भेटी खरोखर कमी झाल्या होत्या. दुसऱ्या बाजूला त्या शौचालयाच्या रांगेत आणि एका खोलीत कोंबल्या गेल्या होत्या. अंतर पाळणे हा तिथे शिस्तीचा प्रश्न नव्हता, चौरस फुटांचा होता.

भेटी घरातून परक्याकडेही जातात. घंटागाडीवरचा कामगार, वॉर्डातली परिचारिका, घरोघरी ताप मोजत फिरणारी आशा सेविका यांनी अंतर ठेवले असते तर इतरांना ठेवता आलेच नसते. त्याच आशा सेविकांना जून 2021 मध्ये मानधनासाठी संपावर जावे लागले. रोग्यांच्या जवळ जाण्याची ही परंपरा जुनी आहे. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत राहिल्या आणि त्याच रोगाने 10 मार्चला गेल्या. प्रत्येक साथीत बाकीचे दूर सरतात तेव्हा कुणीतरी जवळ जाते. मॉडेलमध्ये हा ठिपका केवळ ‘जास्त संपर्काचा’ म्हणून दिसतो. पण सगळ्या आलेखाचा भार त्याच्यावर असतो.

आणि काही भेटी रस्त्यावर येतात. शहर थांबले, रोजगार गेला, तेव्हा मजूर चालत निघाले. 8 मे 2020 च्या पहाटे जालन्याहून निघालेले 16 मजूर औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली सापडले. त्यांचे मरण कोणत्याही साथीच्या आलेखात मोजले गेले नाही.

यावर संशोधक म्हणतील, आम्ही रोगाचा अभ्यास करतो. किंमत ठरवणे सरकारचे काम. हे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. सरकारपुढे जे पर्याय मांडले जातात, त्यांतूनच ते निवड करते. ‘किती टक्के लोकांनी घरी थांबावे’ एवढाच प्रश्न संगणकाला विचारला, तर उत्तर टाळेबंदीचेच येणार. ‘या वॉर्डात दोनशे फिरती शौचालये दिली तर?’, ‘पगारी रजा आणि घरपोच धान्य दिले तर किती जण खरोखर थांबू शकतील?’, ‘गाड्या बंद होण्याआधी चार दिवस मजुरांना गावी जाऊ दिले तर?’ हेही प्रश्न त्याच संगणकाला विचारता येतात. ते विचारायला नवे गणित लागत नाही. वस्त्यांची खरी माहिती लागते, आणि ती साथ नसतानाच गोळा करावी लागते: कोणत्या गल्लीत किती घरांमागे किती नळ, कोण कुठे कामाला जाते, कोणाचे पोट रोजच्या कमाईवर आहे. ही माहिती आणि मॉडेलची गृहीते दोन्ही लोकांसमोर, मराठीत, उघडी ठेवली पाहिजेत. म्हणजे वस्तीतली बाई नगरसेवकाला सांगू शकेल की तुमच्या आकड्यात आमचा नळ नाही.

पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा पडद्यावर आलेख झळकतील आणि पुन्हा आपल्याला लांब राहायला सांगितले जाईल. आपण राहावेही, ते गणित खरे आहे आणि त्याने जीव वाचतात. पण ज्या भेटी मी टाळतो आहे, त्या कोणाच्या वाट्याला जात आहेत आणि त्याला त्याबद्दल काय मिळते आहे, याचे उत्तर दिल्याशिवाय कोणतेही मॉडेल पूर्ण झाले असे मानू नये. आणि ते उत्तर मागणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.