चार आघातांची सत्ता

फ्रेडी ग्रीन या गिटारवादकाबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्याच्या विनम्रतेपाशी येऊन थांबतात. १९३७ साली तो काउंट बेसीच्या जाझ वाद्यवृंदात आला आणि, मधला एक छोटा खंड सोडला तर, १९८७ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. एकल वादन त्याने जवळजवळ केलेच नाही. अशा माणसावर ‘पडद्यामागचा निष्ठावंत’ हा शिक्का मारायला सोपा. मला तो पटत नाही.

ग्रीन करायचा काय? स्विंगच्या चार मात्रांच्या प्रत्येक खंडात चारही मात्रांवर एकेक आघात, बस्स. पण आघात करण्याइतकेच कौशल्य तो वेळेवर मिटवण्यात होते. डाव्या हाताची बोटे लगेच सैल पडत आणि नाद तिथेच तुटे. बऱ्याचदा स्वरसंघातला एखादाच स्वर स्पष्ट वाजे, बाकीच्या तारा दबलेल्या. ॲम्प्लिफायर नाही, तारा उंच ताणलेल्या, बोटांना जड. समोर ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची फौज. या गदारोळात श्रोत्याला गिटार वेगळी ऐकू येत नसे. वॉल्टर पेजचा बास आणि जो जोन्सचे ड्रम यांच्यात ती मुरून जाई. बेसी स्वतः पियानोवर इतके कमी स्वर वाजवू शकला, त्याचे एक कारण हे तिघे.

विलंबित ख्यालात ठेका धरणाऱ्या तबलजीला आपण नम्र म्हणतो का? गायकाला समेवर यायचे तर त्याच्याच काळात यावे लागते. ग्रीनचेही तसेच. लय पळू लागली की ड्रमवाल्याला त्याची नजर पुरे, असे सहकारी सांगत. ही सत्ताच होती, फक्त तिला टाळ्या नव्हत्या.

त्याच काळात दुसरी वाटही उघडली होती. १९३९ साली बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आलेल्या गिटारवादक चार्ली ख्रिश्चनने विजेवरची गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने बोलती केली. १९४२ साली, अवघ्या पंचविशीत, क्षयाने तो गेला. पण गिटारचा पुढचा इतिहास त्याच्याच बाजूने गेला. ते योग्यच झाले. तरीही कलावंताचे आयुष्य मोजायला आपण एकच माप वापरू लागलो, ते तिथूनच: कोण किती ऐकू आला.

१९५० साली पैशांच्या ओढाताणीत बेसीने ताफा मोडून छोटा चमू केला, त्यात ग्रीन नव्हता. तो गिटार घेऊन न बोलावताच हजर झाला आणि वाजवायला बसला, असे सांगतात. आपल्याशिवाय हे चालणार नाही, अशी खात्री असलेलाच माणूस असा येऊन बसतो.

बेसीच्या १९५५ च्या ध्वनिमुद्रणांतली ‘कॉर्नर पॉकेट’ ही रचना ग्रीनची स्वतःची. तिच्यातही त्याने आपल्यासाठी एकल जागा राखली नाही. बोलतात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन. कुठल्या चालीने बोलायचे, ते मात्र तो ठरवतो.