रेष आखलीत, आता वेळही द्या

छत्तीसगड विधानसभेत अध्यक्षांच्या आसनापुढच्या मोकळ्या जागेला, मराठीत जिला हौदा म्हणतात, गर्भगृह म्हणतात. आमदार त्या जागेत उतरला की नियम 250 प्रमाणे तो आपोआप निलंबित होतो. ठराव मांडायचा नाही, मतदान घ्यायचे नाही. विरोधक खाली बसून घोषणा देत असतात आणि अध्यक्ष वरून एकेकाचे नाव वाचत जातात. नावे संपली की सगळे उठून बाहेर गांधीजींच्या पुतळ्यापाशी जाऊन बसतात. बहुतेकदा त्याच दिवशी निलंबन मागे घेतले जाते आणि मंडळी परत आत येतात.

हा नियम मला मुळात पटतो. सभागृह बंद पाडणे हा काही विरोधकांचा हक्क नव्हे. लोकसभेनेही 5 डिसेंबर 2001 रोजी 374-अ हा असाच नियम केला. फरक एवढाच की तिथे अध्यक्षांनी नाव पुकारावे लागते. इथे पाऊल पडले की पुरे. पण या नियमाच्या बदल्यात विरोधकांना काय मिळाले, हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि माझे म्हणणे त्याबद्दलच आहे.

छत्तीसगडमधल्या हसदेव अरण्याचेच घ्या. 26 जुलै 2022 रोजी या विधानसभेने तिथल्या कोळसा खाणींचे वाटप रद्द करावे, अशी केंद्राला विनंती करणारा अशासकीय ठराव एकमताने संमत केला. तो मांडला होता धर्मजीत सिंह यांनी. त्यांच्या जनता काँग्रेसचे 2018 साली नव्वदपैकी जेमतेम पाच आमदार निवडून आले होते. एवढ्याशा पक्षाच्या माणसाने सगळे सभागृह आपल्या बाजूला वळवले, कारण त्या दिवशी कामकाजपत्रिकेवर त्याला जागा होती. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच जंगलातल्या वृक्षतोडीवर काँग्रेसने स्थगन प्रस्ताव दिला. चर्चा मिळाली नाही. आमदार गर्भगृहात उतरले, नावे वाचली गेली. जंगल तेच आणि सभागृहही तेच. बदलली होती ती बोलण्याची संधी.

त्या वेळी आसनावर होते माजी मुख्यमंत्री रमण सिंह आणि विरोधी पक्षनेते होते चरणदास महंत. हेच महंत आदल्या विधानसभेचे अध्यक्ष होते आणि त्यांच्यासमोर भाजपचे आमदार विरोधी बाकांवर बसत होते. छत्तीसगडने 2018 आणि 2023 अशा लागोपाठ दोन निवडणुकांत सरकार बदलले. आज नाव वाचणारा उद्या नाव ऐकणारा असतो, हे इथल्या दोन्ही पक्षांनी अनुभवलेले आहे. म्हणूनच न्याय्य नियम करायला याहून चांगली जागा नाही.

अडवणुकीचा आपला इतिहास मोठा आहे. 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. 1923 च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला मध्य प्रांताच्या कौन्सिलात बहुमत मिळाले. डॉ. मुंजे, बिलासपूरचे राघवेंद्र राव ही त्यातली ठळक नावे. पुढच्याच वर्षी त्यांनी अंदाजपत्रक फेटाळले आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये केला! ती अडवणूक योग्यच होती, कारण निवडून आलेल्यांच्या मताला गव्हर्नर केराची टोपली दाखवू शकत होता. आज सरकार लोकांच्याच मतांचे आहे, तेव्हा ते समर्थन उरत नाही. अमेरिकेच्या सिनेटमध्ये चर्चा थांबवायला शंभरपैकी साठ मते लागतात, म्हणजे एक्केचाळीस जण विधेयक रोखून धरू शकतात. तसला हक्क आपल्याला नको. तिथे त्याचा वापर वर्षानुवर्षे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे कायदे अडवायला झाला. 1957 साली स्ट्रॉम थर्मंड चोवीस तासांहून अधिक वेळ एकट्याने बोलत उभे होते, ते त्यासाठीच.

मात्र निर्णय रोखणे वेगळे आणि प्रश्न मांडणे वेगळे. पहिला अधिकार बहुमताविरुद्ध आहे, दुसरा बहुमताकडून उत्तर मागण्याचा आहे. आपण पहिला कधी दिला नाही, ते बरे झाले. दुसरा मात्र अध्यक्षांच्या मर्जीवर सोडला. जुलै 2023 मध्ये भूपेश बघेल सरकारवर अविश्वास प्रस्ताव आला. भाजपचे आमदार होते तेरा. प्रस्ताव पडणार हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी चर्चा सुमारे तेरा तास चालली आणि मध्यरात्र उलटल्यावर संपली. नियमाने वेळ मिळाला की मूठभर माणसे मंत्रिमंडळाला बसवून ठेवून उत्तर घेऊ शकतात.

पण वेळ मिळण्याआधी माणूस सभागृहात असावा लागतो. मी रायपूरच्या पुरानी बस्तीत राहतो. हा भाग रायपूर दक्षिण मतदारसंघात येतो. जून 2024 मध्ये आमचे आमदार बृजमोहन अग्रवाल खासदार झाले, त्यांनी राजीनामा दिला. पोटनिवडणूक झाली 13 नोव्हेंबरला. मधले पावसाळी अधिवेशन आमच्याविना पार पडले. टुरी हटरीच्या गल्ल्यांत त्या पावसात गटारे तुंबली, तर विधानसभेत ते सांगायला आमचा माणूस नव्हता. कायद्याने निदान सहा महिन्यांची मुदत घातली होती. निलंबनात तसेही नसते: जागा भरलेली दिसते आणि माणूस बाहेर असतो. 5 जुलै 2021 रोजी महाराष्ट्र विधानसभेने भाजपच्या बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले. 28 जानेवारी 2022 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की हे हकालपट्टीहूनही वाईट आहे, आणि चालू अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनाबाह्य ठरवले.

अधिवेशनापुरते निलंबनही लहान नसते. डिसेंबर 2023 मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांतले मिळून 146 खासदार बाहेर होते आणि त्याच आठवड्यात देशाचे तिन्ही नवे फौजदारी कायदे संमत झाले. देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, प्रत्येक न्यायालयात लागू होणारे कायदे, आणि इतक्या मतदारसंघांच्या वतीने एक दुरुस्तीही मांडता आली नाही. याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हा नियम 250 राहू द्या, पण त्याच्या बरोबरीने सरकारने आपल्यावरही बंधन घालून घ्यावे. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात एका अधिवेशनातले वीस दिवस विरोधकांचे असतात. त्या दिवसांचा विषय तेच ठरवतात. आपली अधिवेशने आखूड, म्हणून आठवड्यातला एक दिवस तरी द्यावा. एकपंचमांश आमदारांनी सही केलेला स्थगन प्रस्ताव नाकारण्याची मुभा अध्यक्षांना नसावी. फार तर चर्चा दुसऱ्या दिवशी ठेवावी. आणि मुख्य विरोधी पक्ष निलंबित असताना कोणतेही विधेयक मताला टाकू नये. ही तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण निलंबनाचा फायदा सरकारला होत असेल तर निलंबन टाळण्यात सरकारला रस उरत नाही. यावर कोणी म्हणेल, मग विरोधक मुद्दाम निलंबित होऊन विधेयके अडवतील. त्यावर उपाय सोपा आहे: ही सवलत एका बैठकीपुरतीच ठेवा.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हा शेजारच्या राज्याचा प्रश्न समजू नये. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात 288 पैकी दहा टक्के जागाही एकाही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत. विरोधक इतके थोडे असतात तेव्हाच त्यांच्या वेळेची हमी नियमात लिहिलेली असावी लागते. हिवाळी अधिवेशनासाठी तुमचा आमदार नागपूरला निघेल, तेव्हा तो कोणत्याही बाकावरचा असो, त्याला विचारा: विरोधकांना नियमाने किती वेळ मिळतो, आणि तो वाढवण्यासाठी तुम्ही नियम समितीला पत्र लिहिणार का?