सोबतीला कोण?

कन्हानच्या तारसा रोडला एक बाई शिलाईकाम करायच्या. मुलगा कोळसा खाणीवर कंत्राटी कामाला, सून घरी, नातू दोन वर्षांचा. पन्नाशी ओलांडल्यावर छातीत गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून दोन महिने कुणाला सांगितलं नाही. शेवटी सुनेनं हट्टानं दवाखान्यात नेलं. सुईनं तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर निघाला.

रविवारी सगळे जमले. मुंबईहून आलेला भाऊ म्हणाला, "टाटालेच नेऊ. 1941 पासूनचं हॉस्पिटल हाय, सारा देश तिथं येते." जावयाचं मत जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचं. थोरल्या दिरांना मानेवाडा रोडचं राष्ट्रसंत तुकडोजी हॉस्पिटल ओळखीचं. शेजारच्या काकांनी आणखी एक वाट सांगितली. त्यांच्या माहितीतले एक डॉक्टर परवाच गाठ काढून द्यायला तयार होते. "लवकर मोकळं होईल," ते म्हणाले. आवाज चढत गेले. बाई आत चहा गाळत होत्या.

भांडण प्रेमाचंच होतं, त्यात शंका नाही. पण आपल्या घरांत आजार बाईचा असला की बैठक बाहेर बसते आणि बाई आत असते. मला हे फार लागतं.

पलीकडच्या घरी वेकोलि या कोळसा कंपनीच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर राहायच्या. सुनेनं त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "ईआर, पीआर, हर-टू, या तपासण्या कुठं हायेत?" कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मग भांडण कायचं करून राहिले? हा कॅन्सर कोणत्या तऱ्हेचा, बगलेतल्या गाठीत गेला का, हे समजल्याबिगर आधी ऑपरेशन की आधी किमो ते ठरत नाही. घाईनं गाठ काढली अन् मग समजलं की किमो आधी पाहिजे होती, तर काय करसान? आठ-पंधरा दिवस नीट तपासण्यात गेले तर बिघडत नाही. दोन महिने लपवले, ते बिघडवते."

तपासण्या झाल्या. हर-टू पॉझिटिव्ह आलं, बगलेतल्या गाठीही धरलेल्या होत्या. नागपुरातल्या डॉक्टरांनी बेत कागदावर लिहून दिला. दर 21 दिवसांनी किमो, अशा आठ फेऱ्या. मग ऑपरेशन. मग तीन आठवडे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार रोज. हर-टूचं इंजेक्शन मधूनच सुरू होऊन पुढं वर्षभर. एकूण सव्वा वर्षाच्या वर.

सव्वा वर्ष ऐकून घर गप्प झालं. तोवर सगळ्यांच्या डोक्यात इलाज म्हणजे एक ऑपरेशन होतं.

सिस्टर म्हणाल्या, "किमोनंतर आठ-दहा दिवसांनी अंगातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हा रात्री दोनला ताप चढला तर सकाळची वाट पाहता येत नाही. तवा टाटापाशी परळमध्ये खोली कोणाची, अन् सोबतीला कोण?"

भाऊ चिडला नाही. मुंबई गाडीनं आठशे किलोमीटरच्या वर, नागपूर वीसेक. पण त्याची ओढही खोटी नव्हती, आणि सिस्टरांनी ती वाया जाऊ दिली नाही. "तू तपासलेल्या तुकड्याच्या स्लाइडी अन् मेणाचा ब्लॉक घेऊन जाय. हा बेत बरोबर हाय का, तेवढं टाटातून विचारून ये. बाईले नेणं जरुरी नाही." नॅशनल कॅन्सर ग्रिड 2012 मध्ये सुरू झाल्यापासून देशातली शेकडो केंद्रं उपचारांची एकसारखी पद्धत पाळण्याचा प्रयत्न करत आहेत, त्यामुळे मोठ्या केंद्राचा सल्ला आणि जवळचा उपचार अशी सांगड आता घालता येते. परळहून उत्तर आलं की बेत योग्य आहे.

उरली नागपुरातली दोन हॉस्पिटलं, जामठ्याचं आणि मानेवाडा रोडचं. या वेळी बाई स्वतः दोन्हीकडे जाऊन आल्या. किमो, ऑपरेशन, रेडिएशन एकाच छताखाली होईल का? रात्री कोण बघतं? आरोग्यमित्राकडे बसून जनआरोग्य योजनेच्या पाच लाखांत काय बसतं नि काय बसत नाही, ते त्यांनी वहीत उतरवून आणलं. कन्हानहून जायला किती गाड्या बदलाव्या लागतात, हेही मोजलं. दोन्हींपैकी कोणतं निवडलं, हे मी मुद्दाम लिहीत नाही. तेच प्रश्न घेऊन निघालेल्या दुसऱ्या घराचं उत्तर वेगळं येऊ शकतं आणि तेही बरोबरच असेल.

निवड त्यांनी केली, कुणी मोडता घातला नाही. मग त्या कॅलेंडर घेऊन मधोमध बसल्या. "आता सांगा, कोण कवा येते ते."

थोरल्या दिरांनी पहिल्या चार फेऱ्या मागितल्या. मुलाची रोजी बुडते म्हणून त्याला फक्त ऑपरेशनचे दिवस दिले. बाकीच्या फेऱ्या सुनेच्या, तेव्हा नातू सिस्टरांकडे. भाऊ म्हणाला, "रेडिएशनचे तीन हप्ते माझे. सुट्टी टाकतो." इंजेक्शनच्या तारखा लांबवर पसरल्या होत्या, आणि त्यांतल्या अर्ध्यांपुढं कुणाचंच नाव नव्हतं. जावयानं पेन मागितलं.