आधी काळभैरव, मग प्रदक्षिणा

॥ श्री हरिहरेश्वर प्रसन्न ॥



दक्षिण काशी म्हणून ज्याची ख्याती आहे अशा या क्षेत्री आपले पाऊल लागले, हे आपले पूर्वसुकृत होय. ब्रह्मा, विष्णू, महेश आणि जगन्माता पार्वती यांची प्रतीके येथे एकत्र नांदतात. हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री व पुष्पाद्री या चार टेकड्यांच्या कुशीत, जेथे सावित्री नदी सागरास मिळते त्या संगमाजवळ, हे स्थान वसलेले आहे. शेजारच्या श्रीवर्धनच्या भट घराण्याचे हे कुलदैवत. याच घराण्यातील बाळाजी विश्वनाथ इ. स. १७१३ मध्ये पेशवे झाले आणि त्यांचे पुत्र पहिले बाजीराव यांनी १७२३ च्या सुमारास मंदिराचा जीर्णोद्धार केला. ही माहिती आपणांस ठाऊक असेलच. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो येथील प्रदक्षिणेचा. कारण या क्षेत्राचे सृष्टिवैभव आणि या क्षेत्राचा उपदेश हे दोन्ही त्या एका वाटेवर एकत्र भेटतात.

येथील दर्शनाचा क्रम इतर क्षेत्रांहून निराळा आहे. प्रथम श्री काळभैरवाचे दर्शन, नंतर श्री हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे. पुष्कळ भाविक हा क्रम रूढी म्हणून पाळतात व पुढे जातात. परंतु क्षणभर थांबून विचार करावा. काळभैरव हा क्षेत्रपाल आहे आणि त्याच्या नावातच काळ आहे. देवाकडे जाण्यापूर्वी काळाची अनुज्ञा घ्यावी आणि देवाचा निरोप घेतल्यावरही काळाला वंदन करूनच घरी परतावे, असा या क्रमाचा भावार्थ आम्हांस वाटतो. इतरत्र हा अर्थ केवळ चिंतनाचा विषय ठरला असता. येथे मात्र तो दिवसातून चार वेळा डोळ्यांनी पाहता येतो. दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी, हेच येथील काळभैरवाचे घड्याळ आहे.

प्रदक्षिणेची वाट मंदिरामागून टेकडीवर चढते. वर पोहोचताच एका बाजूस सावित्रीचे विस्तीर्ण मुख, पलीकडच्या तीरावर बाणकोटचा किल्ला आणि समोर क्षितिजापर्यंत पसरलेला पश्चिम समुद्र असे दृश्य दिसते. तेथून दोन उभ्या कड्यांच्या मधल्या अरुंद चिरेतून पायऱ्या खाली उतरतात. उतरताना सागराचा घोष आधी कानी येतो आणि सागर मागाहून दिसतो. खाली सपाट कातळाचा प्रशस्त पट्टा लागतो. लाटांनी युगानुयुगे कडा कापीत नेला व त्याच्या पायथ्याशी हा कातळ उरला. याच कातळावरून, उजव्या हातास डोंगररूपी देव ठेवून, भाविक पुढे जातात व किनाऱ्याने गावात परततात. सागर ओसरतो तेव्हाच ही वाट असते. तो परतला की ती नाहीशी होते.

या कातळाकडे भाविकांनी निरखून पाहावे. हा अग्निजन्य काळा पाषाण आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त रस भेगांवाटे वर येऊन थरांवर थर साचले, त्यांतून सह्याद्री घडला, त्याच कुळातील हा पाषाण. कड्यांच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जी असंख्य घरे दिसतात, ती कोणा कारागिराने कोरलेली नाहीत. लाटांचे तुषार दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, उन्हाने पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. त्या मिठाचे स्फटिक वाढताना दगडाचा कण कण सैल करतात आणि कालांतराने तेथे खळगा पडतो. ज्या मिठाची चिमूट आपण जेवणात टाकतो, त्याच्या कणाने वज्रासारखा कातळ पोखरला जातो! नामस्मरणाचे सामर्थ्य सांगण्यास याहून चांगला दृष्टांत कोठे शोधावा? एका दिवसाच्या जपाने मनाचा पाषाण हलणार नाही. पण रोजचा एक तुषार, रोजचा एक कण, एवढे सातत्य असेल तर अहंकाराचा कडाही पोकळ होतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. देवस्थानच्या कार्यालयात वारंवार येणारा प्रश्न असा की, ‘‘एवढ्या लांबून आलो आणि प्रदक्षिणा झाली नाही, तर यात्रा निष्फळ का?’’ एका पौर्णिमेस भर दुपारी एक कुटुंब आले होते. भरती पूर्ण चढलेली. कर्ता मुलगा म्हणाला, ‘‘साहेब, रात्रभर गाडी चालवून आलोय. आईची इच्छा आहे. कडेकडेने जाऊन येतो.’’ त्यास पुष्कळ समजावले, पण त्याचे पाऊल मागे येईना. अखेर ती माउलीच म्हणाली, ‘‘बाळा, देव न्हात असला तर आपण दाराशी थांबतो की नाही?’’ ती मंडळी त्या दिवशी गावात राहिली व दुसऱ्या दिवशी, गावकऱ्यांना वेळ विचारून, ओहोटीस प्रदक्षिणा करून गेली.

सर्वांच्याच बाबतीत असे घडत नाही. या खडकांवरून लाटेने भाविक ओढून नेल्याच्या दुर्दैवी घटना घडलेल्या आहेत. घरून देवदर्शनास निघालेला मनुष्य घरी परतू नये, यापरते दुःख कोणते? म्हणून यात्रेच्या निष्फळतेचा हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. त्याच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत.

शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. शिवालयात सोमसूत्र ओलांडू नये, तेथपर्यंत जावे व आल्या वाटेने परत फिरावे, असा दंडक आपण सर्वजण पाळतो. अभिषेकाचे जल जेथून वाहते तेथे भक्ताचे पाऊल थांबते. त्या परत फिरण्याने प्रदक्षिणा खंडित होत नाही, उलट तिला पूर्णता येते. मग ज्या डोंगरास सागर स्वतः अखंड अभिषेक करीत आहे, त्याच्या जलधारेपाशी भक्ताने थांबणे व परत फिरणे यात उणेपणा कसला? चढलेली भरती हे या क्षेत्राचे सोमसूत्रच समजावे. ज्यांना वेळ नाही त्यांनी मंदिराची प्रदक्षिणा करावी, वृद्धांनी व रुग्णांनी जागीच स्वतःभोवती फिरून नमस्कार करावा. संकल्प शुद्ध असेल तर देवास तेही पोहोचते. आज्ञा मोडून केलेल्या शंभर फेऱ्यांपेक्षा आज्ञा मानून मागे घेतलेले एक पाऊल श्रेष्ठ होय.

ही आज्ञा ओळखावी कशी, तेही सांगणे कर्तव्य आहे. भरती मुख्यतः चंद्राच्या आकर्षणाने येते, आणि चंद्र रोज पुढे सरकतो म्हणून भरतीची वेळही रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. कोकणात पूर्वापार एक हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ स्थूलमानाने कळते. अष्टमीस आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती आणि मध्यान्ही ओहोटी. पौर्णिमा व अमावास्येस पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या तोंडावर भरती आणि ओहोटी पहाटे व सायंकाळी पाचच्या पुढेमागे. महाशिवरात्रीची चतुर्दशी घ्यावी, तर भरती साडेदहाच्या सुमारास येते. या हिशेबात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून तो केवळ समजण्यासाठी आहे, वाटेवर उतरण्यासाठी नव्हे. उतरण्यापूर्वी त्या दिवसाची वेळ स्थानिक मंडळींना विचारावीच. पाणी ओसरत असताना निघावे, चढू लागल्यावर निघू नये. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असते, तेव्हा पाणी दूरवर ओसरते आणि तितक्याच जोराने परत येते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा चढउतार कमी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ओहोटी असली तरी समुद्र खवळलेला असतो, त्या काळी खालच्या वाटेचा मोह धरू नये. शेवाळावर पाय ठेवू नये, आणि छायाचित्रासाठी सागराकडे पाठ करून उभे राहू नये. देवाकडे पाठ करून आपण गाभाऱ्यातूनही बाहेर पडत नाही. मग येथेच का करावी?

काही दानशूर भक्त प्रेमाने सुचवितात की, या खडकांवर उंच काँक्रीटचा मार्ग बांधावा, म्हणजे बारा महिने, अष्टौप्रहर प्रदक्षिणा घडेल. त्यांच्या भावनेस आमचे वंदन आहे. तथापि विनम्रपणे असे म्हणावेसे वाटते की, या वाटेचे माहात्म्यच तिच्या क्षणभंगुरतेत आहे. जी वाट सागर देतो व सागरच परत घेतो, तिच्यावरून चालताना मनुष्यास आपल्या आयुष्याची मर्यादा आपोआप स्मरते. शिवाय कड्यावरची ती पोळी, तो कापलेला कातळ, हे या तीर्थाचे अलंकार आहेत, ते एकदा फोडले तर कोणत्याही देणगीने पुन्हा घडणार नाहीत. दान द्यावे ते अन्नदानासाठी, स्वच्छतेसाठी आणि भाविकांच्या सुरक्षिततेसाठी. देवाने जे पूर्ण केले आहे त्यास हात न लावणे, हेही एक दानच आहे.

प्रदक्षिणा झाली की परिसर अवश्य पाहावा. बागमांडला येथून वेश्वीस जाणाऱ्या फेरीबोटीने सावित्री ओलांडता येते. जी नदी महाबळेश्वरी कृष्णा, कोयना, वेण्णा व गायत्री या भगिनींसह उगम पावून पश्चिमेकडे वळली, तिची अंतिम अवस्था, तो शांत व रुंद प्रवाह, नौकेतून पाहताना मन अंतर्मुख होते. पलीकडे बाणकोटचा किल्ला आहे. त्याच्या तटावरून हरिहरेश्वराचा डोंगर दिसतो. ज्या डोंगराला आपण चालत वळसा घातला, तो दुरून किती लहान आणि तरी किती अढळ दिसतो, ते पाहावे.

किल्ल्यापलीकडे वेळास हे नाना फडणविसांच्या घराण्याचे मूळ गाव. येथील किनाऱ्यावर हिवाळ्यात सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने त्यांच्या संरक्षणाचे कार्य उभे केले. साधारण ४५ ते ६० दिवसांनी वाळूतून पिले बाहेर येतात आणि क्षितिजावरचा उजेड पाहून समुद्राकडे धाव घेतात. गावातील दिव्यांचा प्रखर प्रकाश दिसला तर ती वाट चुकतात. एरव्ही दिवा लावणे हे पुण्य, येथे दिवा मालविणे हे पुण्य! भगवंताने कूर्मरूप धारण केले असे आपण भक्तिभावाने म्हणतो, तर त्या रूपाच्या वंशजांसाठी आपण हातातील विजेरी विझवू नये काय?

उत्तरेस श्रीवर्धन व दिवेआगर येथील किनारे आणि सुपारीच्या वाड्या रमणीय आहेत. दिवेआगर येथे १९९७ मध्ये एका वाडीत जमिनीखाली गणेशाचा सुवर्ण मुखवटा सापडला, २०१२ मध्ये तो चोरीस गेला आणि २०२१ मध्ये पुनश्च त्याची प्रतिष्ठापना झाली. दि. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने याच वाड्या आडव्या केल्या. पिढ्यांनी जोपासलेली झाडे एका दिवसात गेली. बागायतदारांनी पुन्हा रोपे लावली. सुपारीस फळ धरण्यास काही वर्षे लागतात हे ठाऊक असूनही लावली. आपण पूजेत जी सुपारी गणपती म्हणून मांडतो, तिच्यामागे केवढी श्रद्धा व केवढी प्रतीक्षा उभी आहे, हे या वाड्यांतून जाताना ध्यानात घ्यावे.

भाविकहो, हरी आणि हर एकच आहेत, हे सांगण्यासाठी या क्षेत्राची योजना आहे. अढळ कातळ हे हराचे रूप मानावे आणि नित्य येणारा-जाणारा सागर हे हरीचे. एक थांबण्यास शिकवितो, दुसरा योग्य वेळी निघण्यास. या दोहोंची भेट होते त्या रेषेवर आपली प्रदक्षिणेची वाट आहे. तिच्यावर निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या वा बाटल्या टाकून ती मलिन करू नये. सागर काहीही स्वतःजवळ ठेवीत नाही, पुढच्या भरतीस तो ते देवाच्या पायाशीच आणून ठेवतो.

जाताना पुन्हा श्री काळभैरवाचे दर्शन घ्यावे. आपण सुखरूप आलात, सुखरूप परतत आहात, एवढे त्यास सांगावे. आपणां सर्वांचा प्रवास निर्विघ्न होवो, आपल्या कुटुंबात आयुरारोग्य नांदो आणि पुन्हा दर्शनास येण्याचा योग लवकर जुळून येवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ हर हर महादेव ॥