खरं बोललो, पण... (गीता १७.१५)



आजचा श्लोक सतराव्या अध्यायातला, वाणीच्या तपाचा. बोलणं ऐकणाऱ्याला न दुखावणारं हवं, खरं हवं, गोड हवं आणि त्याच्या हिताचंही हवं. चारही एकदम! मला बरीच वर्षं वाटायचं, 'खरं' जमलं की झालं. सॉफ्टवेअरवाल्याची सवय. रिव्ह्यूत चूक दिसली, कमेंट टाकली, विषय संपला.

रात्री जेवणानंतर मी अर्धा-पाऊण तास विकिमीडिया कॉमन्सवर नव्या मंडळींनी चढवलेले फोटो तपासतो. (मी याला सेवा म्हणतो, बायको 'दुसरी शिफ्ट' म्हणते.) विकिपीडियावर दिसणारे बहुतेक फोटो इथे साठवलेले असतात. २००४ पासून हे चालू आहे. इथला फोटो कुणीही वापरू शकतो, अगदी धंद्यासाठीसुद्धा, म्हणून ज्याने काढला त्याची परवानगी लागतेच. नवख्यांना हे ठाऊक नसतं. किरणोत्सव आला की अंबाबाईचे फॉरवर्ड झालेले फोटो 'माझं स्वतःचं काम' म्हणून हमखास येतात.

एकदा एका नव्या सदस्याने खिद्रापूरच्या कोपेश्वराचे नऊ फोटो टाकले. स्वर्गमंडपाच्या गोल छतातून दिसणारं आभाळ, खालचे दगडी हत्ती. सुंदर! पण आकार लहान, कॅमेऱ्याची माहिती गायब. असे फोटो बहुतेकदा उचललेले असतात. मी एक क्लिक केलं आणि तयार नोटीस लावली : सात दिवसांत परवानगीचा पुरावा द्या, नाहीतर फोटो हटवले जातील.

चार दिवसांनी उत्तर आलं. "साहेब, फोटो माझेच आहेत. मोबाईलवरून भावाला व्हॉट्सॲपवर पाठवले आणि त्याच्या कॉम्प्युटरवरून टाकले. काढून टाका, मला वाद नको."

व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि कॅमेऱ्याची माहिती पुसतं. हे मला, इंजिनियरला, माहीत नव्हतं होय? माहीत होतं. विचारावंसं वाटलं नाही, एवढंच.

नोटिशीत खोटं काही नव्हतं. पुरावा नव्हता, हे खरंच होतं. या श्लोकावर माऊली परिसाचा दृष्टांत देतात. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण त्याचा आकार आणि वजन जरासुद्धा मोडत नाही. माझ्या खरेपणाने मात्र समोरच्याचा उत्साह पार मोडला.

म्हणजे नियम सैल करायचे का? नाही. किरणोत्सवाला तासन् तास थांबून तो एक क्षण पकडणारा फोटोग्राफर माझ्यासमोर नसतो, पण हक्क त्याचाही आहे. कॉमन्सवर दोन्ही गोष्टी सांगितल्यात : समोरच्याचा हेतू चांगला धरा, आणि ठोस शंका असेल तर फोटो ठेवू नका. या दोन्हींच्या मधे कसं बोलायचं, ते आपल्यावर.

मी नोटीस काढली, स्वतःच्या शब्दांत मराठीतून माफी मागितली, मूळ फाइली टाकाल का म्हणून विचारलं. दोन महिने झाले, उत्तर नाही. फोटो आहेत, माणूस गेला.

आता शंका आली की आधी साधा प्रश्न विचारतो : "हा फोटो तुम्ही कुठून काढलात?" आणि थांबतो. नोटीस नंतर. यात वेळ जातो, काम साठतं, आणि चोरलेला एखादा फोटो चार दिवस जास्त राहतो. त्याची किंमत तो न दिसणारा फोटोग्राफर मोजतो. सोबतचा एक स्वयंसेवक म्हणतो, "भावा, तुझ्या गोडव्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडतोयस." त्याचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी गावच्या देवळाचे फोटो टाकणार असाल, तर फोनमधली मूळ फाइल टाका, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली नको. अडलं तर खाली विचारा.

उद्या सोळावा श्लोक, मनाचं तप.