धैर्य कोणाचे?

लातीन भाषेत ‘विर्तुस’ असा एक शब्द आहे. ‘विर’ म्हणजे पुरुष. त्यावरून ‘विर्तुस’ म्हणजे पौरुष, धैर्य. आपल्या ‘वीर’ शब्दाचे व त्या ‘विर’चे मूळ एकच होय. रोमी लोक रणांगणातील पराक्रमास हे नाव देत. पुढे सर्व सद्‌गुणांसही तेच नाव पडले. तर मग ज्यास शस्त्र नाही, कुळ नाही, अधिकार नाही, त्यास धैर्यही नाही काय?

इ. स. २०३ साली आफ्रिकेतील कार्थेज नगरात पर्पेतुआ नामक कुलीन स्त्री व फेलिसितास नामक दासी ह्यांस ख्रिस्ताच्या नावास्तव श्वापदांपुढे सोडण्यात आले. पर्पेतुआस तान्हे मूल होते. फेलिसितास तुरुंगातच प्रसूत झाली होती. वृद्ध पित्याने नाना प्रकारे विनविले, तरी पर्पेतुआने विश्वास सोडला नाही. रिंगणात दासी खाली पडली, तेव्हा तिने हात देऊन तिला उठविले, आणि दोघी शेजारी उभ्या राहिल्या. रोमी लोकांनी पुरुषाच्या नावे ठेविलेला गुण तेथे दोन मातांच्या ठायी दिसला.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल अशक्तपणात पूर्ण होणाऱ्या सामर्थ्याविषयी लिहितो. लातीन शास्त्रात त्या सामर्थ्यासही ‘विर्तुस’ हाच शब्द योजिला आहे.

यास्तव, प्रिय वाचकहो, भय वाटते म्हणून कोणी स्वतःस भित्रा समजू नये. पंचांपुढे कापऱ्या स्वराने का होईना, पण खरी साक्ष देणारी विधवा वीरच होय. आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहणे हे मंडळीचे कर्तव्य होय.